पक्ष लागायच्या आत घातलेली सिस्टिम

आमच्या वरच्या मजल्यावर धाकटे दीर राहतात. हे आणि दीर, दोघे भाऊ काशीत भिक्षुकी करतात. हल्ली महाराष्ट्रातले बरेच यजमान काशीला येत नाहीत. ते आपल्या घरी पाटावर बसतात आणि आमचे हे दुर्गाघाटावरून संकल्प सांगतात, तो कॉम्प्युटरवर बघतात. तो कॉम्प्युटर सांभाळायचं काम माझं. चौथी शिकले, पण बटणं कळतात. चार लोकांत बोलणं मात्र जमत नाही.

मागच्या पितृपक्षात आमचा कॉम्प्युटर ऐन संकल्पात अडकला. दीर शेजारीच होते. यजमान ऐकत असतानाच म्हणाले, "दादाचं हे डबडं झालं आता. वहिनी, तुम्ही यात लोणचं घाला, छान मुरेल." पलीकडे नागपूरची सगळी मंडळी हसली. मी पदर तोंडाला लावून आत गेले. ते यजमान दिरांकडे गेले, त्यांच्या ओळखीने आणखी काही गेले. मी ते लोणचं विसरले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीने कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून तो चालवणारी दुसरी, फुकटची सिस्टिम त्यात घातली. मी विचारलं, काकांचा कॉम्प्युटर चालतो, मग आपलाच का अडला?

"आई, काकांची कंपनी यंत्रही स्वतः बनवते आणि आतली सिस्टिमही. मोजकी यंत्रं, सगळी घरचीच, म्हणून दर वर्षी नवी सिस्टिम काढणं त्यांना सोपं. मागचं राहिलं तर राहिलं. आपल्यात होती ती शंभर कंपन्यांच्या यंत्रांवर चालवावी लागते, म्हणून सावकाश बदलते. पण बदलली तेव्हा आपल्यासारख्या जुन्यांना दार लावून घेतलं."

"आणि ही?"

"ही जगभरचे लोक मिळून बनवतात. नवी तर वर्षातून दोनदा येते, पण एखादी वर्षानुवर्षं डागडुजी करून ठेवतात. कुणाकडे तरी जुनी वस्तू असतेच, तोच ती चालती ठेवतो. एकदम नवी वस्तू जोडली की मात्र ही बावचळते."

"आपल्याकडे नवं आहेच काय," मी म्हटलं. ती हसली. "टेन्शन मत लो."

यंदा अनंत चतुर्दशीला दीर जिन्यातून ओरडून ह्यांना सांगत होते, "दादा, नवी सिस्टिम आलीय. पक्ष लागायच्या आत घालून टाकतो." पक्षात नवं काही करायचं नाही, घ्यायचं नाही, म्हणून ही घाई. मुलगी मला हळूच म्हणाली, "त्यांचा माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा जुना आहे. तो बनवणाऱ्यांनी नव्या सिस्टिमसाठी काही केलेलं नाही, तिच्यात तो चालायचा नाही. काकांना सांगून ये, थांबा म्हणावं."

मी पदर सावरून जिन्यापर्यंत गेले. वर दीर जावेला सांगत होते, "खाली लोणचं मुरलं असेल एव्हाना." मी परत फिरले आणि कणीक भिजवायला घेतली.

पक्षाच्या पहिल्याच दिवशी त्यांचा माईक मुका झाला. कॉम्प्युटरच्या आतल्या माईकमध्ये गंगेतल्या मोटारबोटींचा फटफटाट तेवढा जायचा. "गुरुजी, ऐकू येत नाही," यजमान सारखे म्हणत. ओरडून ओरडून दिरांचा घसा बसला. मागची सिस्टिम परत घालायची तर सगळं पुसावं लागणार होतं. नवा डबा पक्षात घेता येत नव्हता.

संध्याकाळी ते आपला डबा घेऊन खाली आले. "वहिनी, तुमच्या यंत्राला जोडून बघू? उद्या नागपूरचे बसतायत." जोडला. आमच्या कॉम्प्युटरने तो लगेच ओळखला.

हे म्हणाले, "यंत्रच ने की वर. त्यात काय एवढं."

मी दारातून पुढे आले. दिरांसमोर अशी कधी उभी राहिले नव्हते.

"वर नेता येणार नाही, भाऊजी. त्यात लोणचं घातलंय."

जिन्यात उभी जाऊ खुदकन हसली. दीर ह्यांच्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "यंत्र इथून हलणार नाही. नागपूरच्यांना ह्यांच्यासमोर बसवा. तुम्ही या हवं तर, हाताशी लागतंच कुणीतरी."

दुसऱ्या दिवशी संकल्प ह्यांनी सांगितला. नागपूरच्यांनी शब्द न् शब्द ऐकला आणि पुढच्या वर्षीही मोठ्या गुरुजींकडेच बसू म्हणाले. दीर मागे बसून दर्भ पुढे करत होते. ते पडद्यावरच्या चौकटीच्या बाहेर राहत होते, म्हणून नागपूरच्यांना दिसावेत असा मी कॅमेरा जरा वळवून घेतला.