रेघेपुढचं रान

भूकंपानंतरच्या वर्षांत मी लातूरला क्लासमध्ये शिकवायचो. एका सुट्टीत उमरीजवळ शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, बघायला गेलो, तिथं तो झेंडीवाला दिसला. झेंडी दाखवून बैलजोड्या सोडायचं त्याचं काम. झेंडी वर करण्याआधी तो दरवेळी पायताण काढून ठेवायचा.

एक जोडी शेवटची रेघ ओलांडून पाहुण्यांच्या खुर्च्यांत घुसली. कुणाला लागलं नाही, पण पंचांनी गाडी हाकणाऱ्याला बाद केलं. झेंडीवाला अख्खी धावपट्टी चालत आला.

"त्याला कामून बाद करून राहिले? बैल काय रेघ बघून थांबतेत? म्होरं रान मोकळं ठिवा."

"पाहुण्यांना निकाल दिसला पायजे," पंच म्हणाले.

त्यानं झेंडी गुंडाळून काखेत मारली आणि पाहुण्यांतच एका खुर्चीवर बसला. बाकीच्या खुर्च्या तिथून हलवल्या तेव्हाच उठला.

त्याच वर्षी बारावीची परीक्षा संपली. दुसऱ्या दिवशी पहाटे क्लास झाडायला गेलो, तर एक विद्यार्थिनी दप्तर घेऊन पायरीवर बसलेली.

"सर, नेहमीसारखी जाग आली. आता काय करू?"

मी दार उघडलं. आत भिंतीपर्यंत नुसत्या खुर्च्याच होत्या.