टेकूवरचा सभामंडप

मोठे भाऊजी ट्रक घेऊन आले, तेव्हा हे इंदूरला गेले होते. ट्रक कारखान्याच्या दारात लागला आणि हमाल थेट सागवानाच्या थप्पीला भिडले. मी ओल्या हातांनीच बाहेर धावले.

"भाऊजी, ते लाकूड मंडपाचं आहे."

"मंडपाचं काम बंद पडलंय," ते म्हणाले. "बंद कामासाठी लाकूड सडवायचं का?"

आमचा लाकूडकामाचा कारखाना दोघा भावांचा होता. भाऊजी व्यवहार बघायचे आणि हे हातातलं काम. उज्जैनला राम घाटाच्या वरच्या गल्लीत मराठी अमदानीतला एक लाकडी सभामंडप आहे. त्याचे खांब दीमक लागून आतून पोकळ झाले होते. काडी खुपसली की भुसा गळायचा. मध्यभारत सरकारच्या बांधकाम खात्यानं ते काम आम्हाला दिलं होतं. अट एकच, जुनं जसं आहे तसंच नवं व्हायला हवं.

ह्यांनी त्या कामात जीव ओतला. मीही त्यात होते. जुन्या नक्षीवर पातळ कागद दाबून मी कोळसा घासायची, की कागदावर पान न् पान उठायचं. त्या ठशांवरून हे लाकूड कोरत. बारीक वेलपट्टीसाठी भैरवगढहून कापडाचे छापे कोरणारे एक कारागीर यायचे. छापा उलटा कोरायची त्यांच्या हाताला सवय, त्यामुळे पहिल्या पट्टीवरचे सगळे पोपट उलट दिशेला तोंड करून बसले. हे इतके हसले की शेवटी ते कारागीरही हसायला लागले.

मग मध्यभारत गेला आणि मध्यप्रदेश झाला. साहेब लोक भोपाळला गेले, काही ग्वाल्हेरला परतले. आमचा मंडप त्या वेळी अर्धा उघडलेला होता. कुजके खांब काढलेले, वरचं सगळं छत टेकूंवर तोललेलं. हे रोज ह्या कचेरीतून त्या कचेरीत जायचे. बाबू सांगायचे, "अब तो भोपाल से ही आदेश आएगा." आदेश काही येत नव्हता. भाऊजींनी मात्र भोपाळचा रंग ओळखला. नवी राजधानी, नव्या कचेऱ्या, त्यांना टेबलं, खुर्च्या, कपाटं हवी होती, म्हणून त्यांनी तिथेच दुसरा कारखाना टाकला. त्यांचंही चुकत होतं असं आज मला म्हणवत नाही. घर त्यांनाच चालवायचं होतं.

पण त्या दिवशी मी पेटले होते. कोरे ओंडके चढवून झाल्यावर हमाल कोरून तयार असलेल्या खांबांकडे वळले.

"हे कशाला? ह्यांचं काय करणार?"

"फळ्या पाडणार," भाऊजी शांतपणे म्हणाले.

मी जाऊन त्या खांबांवर बसले. थोरल्या दिरासमोर मी कधी मान वर करून बोलले नव्हते. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अगं, ऊठ. शोभतं का हे?" मी उठले नाही. हमाल एकमेकांकडे बघत राहिले. भाऊजींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चलो, हो गया." कोरलेले खांब राहिले. बाकी सगळं सागवान गेलं.

हे आठवड्यानं परत आले, रिकामी जागा पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी भोपाळला गेले. दोन दिवसांनी परतले. जेवताना एवढंच म्हणाले, "त्या सागवानाची टेबलं झाली. मी त्यांच्यावर हात फिरवून आलो."

"आणि भाऊजी?"

"दादा म्हणाला, तूही ये. इथे काम संपणार नाही."

एव्हाना सिंहस्थ तोंडावर आला होता. वैशाखात लाखो माणूस क्षिप्रेवर उतरणार, आणि घाटाच्या वर सावलीची जागा म्हटली तर तो मंडप. हे पुजारीबुवांना विनवायला गेले, मंडप बंद ठेवा म्हणून. ते हात जोडून म्हणाले, "भैया, धूप में यात्री कहाँ जाएँगे? महाकाल सँभालेंगे."

त्या रात्री ह्यांना झोप आली नाही. सकाळी उठून ते कारखान्याच्या छताकडे बघत उभे होते. कारखान्याच्या तुळया जुन्या सागवानाच्या होत्या, सासऱ्यांनी स्वतः चढवलेल्या.

"ह्या उतरवतो," ते म्हणाले.

सासूबाई रडल्या. "बापाचं छप्पर मोडून देवाचं छप्पर करणार? लोक काय म्हणतील?"

"आई, ते छप्पर माझ्या टेकूंवर उभं आहे. कुणाच्या डोक्यावर आलं तर?"

तुळया उतरल्या. कारखान्यावर पत्रे चढले. मजूर मोजके होते, म्हणून मीही पदर खोचून ठसे धरायला, दोरी ओढायला जायची. खांबामागून खांब बसत गेला. ज्या दिवशी छताचा मोठा भाग टेकू सोडून नव्या खांबांवर टेकला, त्या दिवशी ह्यांनी गल्लीतून पेढे वाटले. पण नदीकडचा एक कोपरा राहिलाच. त्याच्यासाठी लाकूड पुरलं नाही आणि वेळही. तिथले टेकू तसेच ठेवून ह्यांनी बांबूंचा कठडा बांधला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'यहाँ बैठना मना है.'

लिहिलेलं वाचणारं कोण होतं? शाही स्नानाच्या दिवशी गर्दी अशी लोटली की कठडा कधी मोडला ते कळलंही नाही. आम्ही दोघं सकाळपासून तिथेच होतो. मी कोपऱ्यात पोचले तेव्हा तिथे बायका गाठोडी सोडून बसल्या होत्या, ओल्या साड्या टेकूंना बांधून वाळत घातल्या होत्या. कुणीतरी साडी ओढली आणि टेकू हलताना मी डोळ्यांनी पाहिला. वरून बारीक माती गळायला लागली.

"माताजी, उठो! बाहर चलो, बाहर!" मी ओरडले. कुणी ऐकेना. एक म्हणाली, "हमें उठाकर खुद बैठेगी?" मी तिचं गाठोडं उचललं आणि सरळ मंडपाबाहेर फेकलं. ती शिव्या देत त्याच्यामागे धावली. मग मी दुसरं फेकलं, तिसरं फेकलं. बायका चिडून माझ्या अंगावर येत होत्या, पण येत होत्या बाहेर. आत हे टेकूला मिठी मारून उभे होते आणि उरलेल्यांना हाका घालत होते. एक म्हातारी उठेना. तिला धरायला ह्यांनी टेकू सोडला, आणि कोपरा खाली आला.

आवाज फार मोठा झाला नाही. नुसती धूळ, आणि मग किंकाळ्या. कुणाचा जीव गेला नाही. म्हातारीचं पाऊल चेंगरलं. ह्यांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत मोडला होता. ते धुळीत बसून मला पुन्हा पुन्हा विचारत होते, "आत कुणी राहिलंय का? नीट बघ."

म्हातारी राजस्थानातल्या कुठल्याशा गावची होती. तिचा मुलगा शोधत येईपर्यंत ती आमच्याच घरी राहिली. सासूबाई तिच्या पायाला हळद लावत. जाताना तिनं ह्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. चौकशी करायला आलेल्या नव्या साहेबांनी मात्र सगळं ह्यांच्याच माथी मारलं. आदेश नसताना कामाला हात का लावला, असं विचारलं. टेकू कुणाच्या आदेशानं उभे राहिले होते, हे त्यांनी विचारलं नाही. पुढे त्या कोपऱ्यात विटांचा खांब उभा राहिला, वर चुना फासला, आणि काम पूर्ण झालं.

बातमी ऐकून भाऊजी आले. ह्यांच्या पलंगाशी बसून पंच्याच्या टोकाशी चाळा करत राहिले. शेवटी म्हणाले, "ते लाकूड मी नेलं नसतं तर..."

"दादा, सोड," हे म्हणाले.

मला सोडवेना. "नेलं नसतं तर तो कोपरा उभा असता," मी म्हणाले. भाऊजींनी मान हलवली, एकदाच.

हात जुळला, पण मनगट वळेनासं झालं. रंधा चालायचा, नक्षी कोरायची पटाशी धरता यायची नाही. शेवटी आम्ही भोपाळलाच गेलो. भाऊजींच्या कारखान्यात हे लाकूड पारखायचे, मापं द्यायचे, आणि दिवसभर तिथे टेबलं निघायची. मी भाऊजींना रोज वाढायची, त्यांच्या आजारपणात त्यांची पथ्यं सांभाळली, त्यांच्या मुलीच्या लग्नात रात्रंदिवस राबले. त्यांनीही मला कधी दुखावलं नाही. तरी त्यांच्या ताटात भात वाढताना माझ्या मनात तो ट्रक असायचा. तो गेला असं मी म्हणणार नाही.

हे पुन्हा त्या मंडपात कधी गेले नाहीत. उज्जैनला लग्नाकार्याला गेलो की मी एकटीच जाऊन यायची. दरवेळी घरी आल्यावर हे विचारायचे, "खांब फाटले नाहीत ना कुठे?" मी म्हणायची, "नाही, छान आहेत." मग ते दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलायला लागायचे.