उसनं नोझल

माझ्या डोक्यात राग लवकर जातो. बायको म्हणते, तुमच्या ट्रकला तापायला निदान पाच मिनिटं तरी लागतात. खोटं नाही ते. पण एका दुपारी पेठच्या घाटात मी जे बोललो, ते आठवलं की अजून माझी मान खाली जाते.

आमचा ट्रक जुना आहे. सहा सिलिंडरचं इंजन, कंप्युटर-बिंप्युटरचं नाव नाही. पंप डिझेल ढकलतो, सहा पाइपांतून ते सहा सिलिंडरांकडे जातं आणि प्रत्येकाच्या तोंडाशी बसवलेलं बोटाएवढं नोझल त्याचा बारीक फवारा करतं. फवारा नीट असला की गाडी घाट हसत चढते. असले पंप आणि नोझलं खोलून लावणारा आमच्या भागात आता एकच माणूस उरलाय, मंचरचे मिस्त्री. बाकीच्यांनी कधीच नव्या गाड्यांचं काम धरलं.

मिस्त्रींची एक रीत आहे. नोझल नवं असो नाहीतर जुनं, आधी भिंग लावून त्याच्यावरचा नंबर वाचणार. मग ते टेस्टरवर, म्हणजे फवारा तपासायच्या हातपंपावर, चढवणार आणि ज्याची गाडी त्यालाच टेस्टरचं हँडल मारायला लावणार. "तुज्या गाडीचा फवारा तू बघ," म्हणणार. सहा नोझलांत अर्धा दिवस जातो. मला त्याचा लई कंटाळा.

आमची ड्रायव्हरांची रीत वेगळी. उभ्या गाडीचा पार्ट चालत्या गाडीला. आळेफाट्यावर कांदा भरायला ट्रक लागले की कुणाचा बेल्ट, कुणाचा पाइप, कुणाचं नोझल असं उसनं चालतंच, शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसं. कुणी नाही म्हणत नाही आणि कुणी नंबरही बघत नाही.

त्या दिवशी कांदा भरून झाला आणि माझ्या लक्षात आलं की दोन नंबरच्या सिलिंडरचं नोझल टपकतंय. गाडी धूर ओकत होती. पलीकडे एका दोस्ताचा ट्रक बॉडीच्या कामासाठी उभा होता. तो म्हणाला, "घे की राव माजं काढून. माजी गाडी कुठं हालतीया एवढ्यात?" मी काढलं, बसवलं. आकार तोच, आटे तेच. इंजन लागलं. म्हटलं, झालं की काम, कशाला पायजे मिस्त्री? मंचर आलं तेव्हा गावात शिरलोच नाही, बायपासनं सरळ पुढं काढली.

पेठचा घाट लागला आणि इंजनात टकटक सुरू झाली. आधी बारीक, मग घणासारखी. काळाभोर धूर. इंजन गेलं म्हणजे गाडी भंगारात, कारण इतक्या जुन्या इंजनाचं काम काढणं मला परवडणारं नव्हतं. आणि आमचं घर त्या एका ट्रकवर चालतं. मला दुसरा धंदा येत नाही.

गाडी कडेला घेतली, चाकांना दगड लावले, आवाज ऐकवायला इंजन चालूच ठेवलं आणि मिस्त्रींना फोन केला. पेठच्या घाटात टकटक लागलीय एवढंच सांगितलं, उसन्या नोझलाचं काही बोललो नाही. लाज वाटली.

"फोन इंजनाजवळ धर," ते म्हणाले. "आता एकेका पाइपाचा नट जरा ढिला कर आणि परत आवळ."

एक नंबर ढिला केला. टकटक चालूच. दोन नंबर ढिला केला, डिझेल सिलिंडरात जायच्याऐवजी बाहेर उडालं आणि टकटक थांबली.

"दोन नंबरला काय घातलंस?"

मी नट परत आवळला, टकटक परत सुरू झाली.

"बंद कर गाडी. आत्ताच्या आत्ता."

"वर ढाब्यापर्यंत नेतो मिस्त्री, तिथं बघू."

"एक फूटबी हलवू नको. पिस्टनला भोक पडंल."

झालं! माझं डोकं फिरलं. "तुमी समदे मिस्त्री सारखेच! तुमच्या दारावरनं गेलो नाय म्हणून भ्या दाखवताय. गिऱ्हाईक हातचं जातंय ना!" एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक. त्यांच्या कामावर, वयावर, आईबापावर, इथं लिहिता येणार नाही असंही बोललो. पण बोलता बोलता माझ्याच हातानं इंजन बंद करायचा दट्ट्या ओढला. तोंड आणि हात एकमेकांचं ऐकत नव्हते. फोन त्यांनीच ठेवला.

आता हा माणूस येतोय कशाला, म्हणत मी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. अर्ध्या-पाऊण तासानं मोटरसायकल आली. मिस्त्री उतरले ते थेट इंजनाकडं गेले. नोझल ज्यात बसतं तो इंजेक्टर काढला, खोलला, नोझल पुसून भिंगाखाली धरलं.

"ह्यो दुसऱ्या इंजनाचा नंबर. बसतंय बरुबर, पण फवारा भलतीकडं मारतंय."

नंतर कळलं, दोस्ताच्या ट्रकात मागं कधीतरी दुसरंच इंजन बसवलेलं होतं. त्यानं मनापासूनच दिलं होतं बिचाऱ्यानं.

मिस्त्रींनी फडक्यात गुंडाळून आणलेलं नोझल काढलं. येण्याआधी टेस्टरवर घेतलेलं होतं. ते बसवलं. मी इंजन सुरू केलं. टकटक नव्हती, पण मिस्त्रींचा चेहरा काही सैल होईना. त्यांनी इंजन ऑइल ओतायचं झाकण काढलं, त्या तोंडावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. पिस्टनला भोक असतं तर तिथून धुराचा जोराचा झोत आला असता. मी देव आठवत होतो.

त्यांनी माझा हात ओढला आणि तिथं टेकवला. गरम, हलकी वाफ लागत होती, बस्स.

"वाचलं," ते म्हणाले. "जा, माल पोचव."

मी रस्त्यावर मटकन खाली बसलो आणि चक्क रडलो. चाळिशी उलटलेला माणूस! ते तोवर मोटरसायकलला किक मारून गेलेही.

मुंबईला कांदा उतरवून परत येताना मी बायपास धरला नाही. मिस्त्रींच्या दुकानासमोर गाडी लावली. त्यांनी काही न विचारता सगळी नोझलं काढायला घेतली आणि मला टेस्टरपुढं बसवलं. मी हँडल मारायला लागलो. दोन नोझलं झाली. शेवटी म्हणालो, "मिस्त्री, त्या दिवशी फोनवर मी लई वंगाळ बोललो. माझं चुकलं."

त्यांनी भिंगातून वर बघितलंही नाही. "काय बोलला व्हतास? मला कायबी ऐकू आलं न्हाई राव. इंजनाचा आवाज केवढा व्हता!"

त्याच फोनवर, त्याच आवाजातून, ह्या माणसाला माझ्या दोन नंबरची टकटक थांबलेली ऐकू आली होती.

मी हँडल सोडून त्यांच्याकडं बघत बसलो.

"बघतोस काय? मार हँडल," ते म्हणाले. मी मारत राहिलो.