कोपऱ्यातलं अवकाशयान

श्रीरामपूरच्या एसटी स्टँडसमोरचं व्हिडिओ गेम पार्लर बंद पाडायला आम्ही काही पालकांनी पत्रकं छापली होती. पोरं नासवायचा धंदा, दुसरं काय! वाटायला आत गेलो, तर कोपऱ्यात पांढऱ्या साडीतली, पन्नाशीची एक नर्स खेळत होती. बाकी सगळे मारामारीच्या गेमला चिकटलेले. तिचा गेम जुनाट, अवकाशयानातून गोळ्या झाडायचा. शत्रू माश्यांएवढे दिसत, म्हणून त्याला कुणी हात लावत नसे.

"सिस्टर, किती माश्या मेल्या?" एका कॉलेजकुमारानं विचारलं.

"तुझ्या मार्कांपरीस जास्त," पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली.

यान फुटलं. मी पत्रक पुढं केलं. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं.

"करा बंद. पण ड्युटी सुटल्यावर गाडी येईपर्यंत बाईमाणसानं थांबायचं कुठं, ते बी छापा. स्टँडवर एकटी उभी राहिले की माणसं नको तशी बघत्यात. इथली पोरं चेष्टा करत्यात, पण सिस्टर म्हणून."

पुढच्या पत्रकात आम्ही स्टँडवर बायकांसाठी खोलीही मागितली. पार्लर लगेच बंद झालं. खोलीची मागणी आम्ही अजून छापतोच आहोत.