कंबर वाढली, मांडी उतरली

माझ्या व्याह्यांइतका आनंदी माणूस आगाशी ते बोळिंज या पट्ट्यात दुसरा झाला नाही, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलो. त्यांच्या शेवटच्या काही वर्षांपुरतं ते खोटं होतं, आणि त्याची सुरुवात माझ्याच तोंडून झाली. हे लिहायचं मी आजवर टाळलं. आता पंचाहत्तरी उलटली, सुईत दोरा जात नाही, लिहून टाकतो.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. नोकरीतून निवृत्त होऊन बोळिंजला फ्लॅट घेऊन राहिलेले. आगाशीच्या बाजारात माझं शिवणकामाचं दुकान. तिथे ते रोज बसने येत. पावसाळ्यात त्यांच्याकडे दोन छत्र्या असत, एक स्वतःला आणि एक वाटेत भिजणाऱ्याला. पण दिलेली छत्री परत येईल याची खात्री नसल्यामुळे ते त्या माणसाबरोबर थेट त्याच्या दारापर्यंत जात, आणि अशा रीतीने निम्मी आगाशी त्यांच्या ओळखीची झाली होती. मासळी घेताना आधी ते कोळणीच्या गुडघ्यांची चौकशी करत. ती वैतागून म्हणे, "काका, म्हावरं घेताय का डाक्टरकी करताय?" हे शांतपणे म्हणत, "दोन्ही." प्रत्येक पँटला ते माझ्याकडून आतून एक जादा खिसा शिवून घेत, सुकेळ्यांसाठी. भर सभेतसुद्धा त्या खिशातून वाळक्या केळ्याचा वास यायचा आणि माणसं आपापल्या पिशव्या हुंगायची.

मग विहीणबाई गेल्या. त्या पावसाळ्यात व्याही दुकानात आले ते नखशिखांत भिजून. छत्र्या दोन्ही घरी.

"जेवता का वेळेवर?" मी विचारलं.

"एकट्यासाठी कुकर कशाला लावायचा, व्याहीबुवा? चहा-पाव आहे, सुकेळी आहेत."

दिवसभर खुर्चीत बसून राहायचे. पोट सुटलं. बाजारात जो तो म्हणू लागला, "काका, तब्येत सुधारली हां!" सगळ्यांत मोठा आवाज माझा. "विहीणबाईंचा धाक गेला वाटतं!" यावर ते हसले, पण फार उशिरा, कुणीतरी आठवण करून दिल्यासारखे.

दिवाळीच्या सुमाराला त्यांनी जुनी पँट आणली. कंबर घट्ट होत होती. मी टेप लावली. कंबर दोन इंच वाढलेली. मांडी मात्र दीड इंच उतरलेली, आणि खांद्यावरून शर्ट ओघळत होता. एकाच पँटला वर सैल कर आणि खाली आत घे, असं काम चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा केलं. माणूस सुखाने जाड होतो तेव्हा सगळीकडून होतो. हा एकीकडे फुगत होता आणि एकीकडे सरत होता. हे मला तेव्हाच कळलं.

मुलगा आणि सून बडोद्याला राहतात; त्याच रविवारी तिथून सुनेचा फोन आला. वडिलांना ती दादा म्हणते. "अप्पा, दादांचा आवाज कसातरीच येतो हो. मी महिनाभर येऊन राहू का?"

मुलाच्या जेवणाचे हाल होतील, नातवाची शाळा बुडेल, एवढं माझ्या डोक्यात झरझर आलं. मी म्हणालो, "अगं, पोट सुटलंय त्यांचं! कशाला काळजी करतेस?"

ती हसली. आली नाही.

फाल्गुनात ते खुर्चीतून उठताना पडले. मांड्यांनी साथच दिली नाही. खुबा मोडला. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पोट वाढतंय आणि हातपाय वाळतायत, कुणाच्याच लक्षात आलं नाही? उदास असतात का हे? किती दिवस?"

सून पुढे झाली. "मी लांब असते, डॉक्टर. पण आमचे अप्पा रोज भेटतात त्यांना. त्यांनी काही कमी केलं नाही."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

ती त्यांना बडोद्याला घेऊन गेली. औषधं सुरू झाली, नातू त्यांना धरून चालवू लागला. पुढे ते आणखी दोनच वर्षं जगले. मी एकदाच भेटून आलो, नवी पँट शिवून घेऊन. वाटेत वाक्य पाठ केलं होतं: व्याहीबुवा, मला दिसत होतं, मी मुद्दाम बोललो नाही, माझं चुकलं. त्यांनी पँट घातली, काठी टेकून उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "या माणसाने फार लक्ष ठेवलं माझ्यावर."

मी खाली वाकलो, पायाशी पँट सारखी केली आणि म्हणालो, "उंची बरोबर बसलीय."