भिंतीमागचे मक्याचे दाणे

कणसाचे दाणे सोलताना माझा हात अजूनही थांबतो.

केनियातल्या एका विद्यापीठात मी एक सत्र नेपथ्य शिकायला होते. परीक्षेत प्रत्येकाला पुठ्ठ्याचं खोकं मिळे. तीन बाजूंना भिंती, चौथी उघडी. रंगमंच त्यातच मांडायचा. माझ्या शेजारच्या अकिन्यीने खोकं बाजूला सारून एक गोल कापला आणि कडेने मक्याचे दाणे चिकटवले. ते प्रेक्षक.

“पाठची भिंत कुठे?” सरांनी विचारलं.

“आमच्या गावच्या खेळाला पाठ नसते, सर.”

“मग पडदा काय आभाळाला टांगणार?”

वर्ग हसला. मीही हसले. महाराष्ट्रातल्या माझ्या गावी बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे घातलेली सोंगं नाचतात तेव्हा लोक चहूबाजूंनी उभे असतात, हे मला आठवलंच नाही. मीही असल्याच खोक्यात शिकले होते. राज्य करणारे इंग्रज दोन्ही देशांतून केव्हाच गेले. त्यांचं खोकं आम्ही अभ्यासक्रम म्हणून जपलं. ते फाडा, असं मी आज सभांमधून सांगते. त्या दिवशी मात्र वर्गाबरोबर हसले होते.

भिंत नाही म्हणजे नापास, आणि अकिन्यीचं वर्ष जाणार होतं. तिने गोल मधोमध कापला, अर्धा खोक्यात बसवला. सरांनी मान डोलावली.

उरलेल्या अर्ध्यावरचे दाणे तिने नखाने एकेक सोडवले आणि माझ्या तळहातावर ठेवले.

“यांना आता काही दिसणार नाही,” ती म्हणाली.