पोरींच्या बाकावर

“बाई, उठा. पोरींत जाऊन बसा.”

भर वर्गात अण्णा बोलला. अण्णा म्हणजे आमचा संस्थाचालक. रेणापूरकडच्या त्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. त्या दिवशी परदेशातून कॉलेजची दोन पोरं इंग्रजी शिकवायला आली होती, एक पोरगा, एक पोरगी. तिकडं त्यांना उन्हाळ्याची सुट्टी, इकडं सोयाबीनची खुरपणी. निम्म्या पोरी रानात. बाकं रिकामी. आन् अण्णाला फोटोत वर्ग भरलेला पाहिजे.

“बारकुळ्याच तर दिसता. एखादीची ओढणी घ्या. कोण वळखतंय?”

बाकीचा स्टाफ अण्णाच्याच सग्यासोयऱ्यांचा. त्यातल्या एकालाबी त्यानं उठवलं न्हाई. भीमनगरातली मी एकटी, मलाच उठवलं. माझ्या मान्यतेचा प्रस्ताव त्यानं शिक्षण खात्याकडं पाठवायचा होता, मग कुठं पगार सुरू व्हायचा. त्या आशेवर मी बिनपगारी राबत होते. गप निळी ओढणी घेतली आन् बसले.

ती गोरी पोरगी टाळ्या वाजवीत बाकाबाकापाशी फिरली. माझ्यापाशी वाकली. बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, “व्हॉट... इज... युवर... नेम?” मी नाव सांगितलं. “व्हेरी गुड!” म्हणत तिनं माझ्या गालावर चांदणीचं स्टिकर चिकटवलं.

माझ्या पोरी खाली मान घालून बसल्या. एकबी हसली न्हाई. हसल्या असत्या तर सोसलं असतं. कुणीबी बस म्हणलं की बाईनं असं गुमान बसायचं असतं, हे त्या माझ्याकडून शिकत होत्या. तिथं माझं टाळकं सणकलं.

उठले. स्टिकर काढून तिच्या हातावर ठेवलं. इंग्रजीतच बोलले, “या वर्गाची शिक्षिका मी हाय. तू खाली बस.”

ती जरा गोंधळली. मग तोंडभर हसली. “हाऊ वंडरफुल!” म्हणून मोबाइल काढला. माझ्यासंग सेल्फी पाहिजे होती तिला. थू असल्या सेवेवर. महिनाभर यायचं, टाळ्या शिकवायच्या, शाल-नारळ घ्यायचा, आन् गरिबांची लेकरं शिकवली म्हणून गावभर मिरवायचं. मी लई दिवस फुकट शिकवते, मला कुणी शाल घातली न्हाई.

“नो,” म्हणलं आन् खडू उचलला.

अण्णानं व्हरांड्यात गाठलं. “उद्यापासून यायचं न्हाई.”

“लेखी द्या.”

“काय?”

“बाई पोरींत बसंना म्हणून काढली, असं लिहा. खाली सही करा. मी लातूरच्या कोर्टात घेऊन जाते.”

त्यानं लिहून दिलं न्हाई. प्रस्तावबी पाठवला न्हाई, आन् पाठवणारबी न्हाई, ते मला कळतंय. मी रोज शाळेत जाते. वकील बघून ठेवलाय. आता काढल्याच्या कागदावर त्याच्या सहीची वाट बघतेय.